खालच्या मजल्यावर वाजणारी सायकल

आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. भूत, करणी, वास्तुदोष... सगळ्यावर हसणारा माणूस आहे. त्यात माझा धंदा असा की आवाज आला की कारण शोधायचं. मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. लिफ्ट घरघरली तर बेअरिंग, खडखडली तर गाइड शूज, किंचाळली तर ब्रेक. कारण नसलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तरीही हे लिहितोय, कारण जे झालं ते माझ्या बायकोनेही ऐकलंय, आणि ज्या माणसाच्या घरात झालं तो माझा मित्र नव्हे, चक्क वैरी आहे. म्हणजे संगनमत करून काही रचलंय असं कुणी म्हणू शकणार नाही.

आम्ही नालासोपारा पूर्वेला तुळिंजला राहतो. चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही (हसा खुशाल). आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या खाली गवाणकर. बँकेतून रिटायर झालेला, एकटा राहणारा माणूस. या माणसाला जगात काहीच आवडत नाही. जिन्यात चप्पल वाजली, कुणाच्या कुकरची शिट्टी जास्त झाली, की दार उघडून उभा. आमचं आधीपासूनच पटत नव्हतं.

शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मला चालण्याचा कंटाळा, म्हणून सायकल घेतली. नवीकोरी, गिअरवाली. खाली पार्किंगमधून सायकली चोरीला जातात, म्हणून रोज उचलून वर आणून हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवायचो. सुट्टीच्या दिवशी सकाळी उजाडल्यावर निघायचं, उड्डाणपुलावरून पश्चिमेला, सोपारा गावातून निर्मळला. तिथे तळ्यापाशी थोडं बसायचं, येताना वाडीतली केळी घेऊन परत.

दिवाळीनंतर सायकलीतून आवाज यायला लागला. कर्र... टक्. कर्र... टक्. पायडल मारलं की यायचा, सोडलं की बंद. चढावर जास्त. सायकल चालवणाऱ्यांना माहीत असेल, ही किरकिर माणसाचं डोकं खाते. आधी वाटलं सीट. उभा राहून चालवली, तरी आवाज. पायडल काढून ग्रीस लावून बसवले, तरी आवाज. निर्मळच्या वाटेवर एक सायकलवाला आहे, रॉबी नावाचा. त्याने चेन धुतली, क्रँक आवळला, शेवटी दोन्ही पायडलांच्या मधली बेअरिंगच बदलली.

"झालं साहेब, आता लोण्यासारखी जाईल," म्हणाला.

पाचशे मीटरवर परत कर्र... टक्.

त्याच दिवशी घरी आलो तर गवाणकर आमच्या दारात.

"ओ सावंत, घरात सायकल चालवता काय?"

मला कळेचना. "घरात कोण सायकल चालवतं?"

"सकाळपासून माझ्या डोक्यावर कर्र टक्, कर्र टक् चाललंय. स्टँड लावून व्यायाम करता ना? मला शिकवू नका. तासभर ऐकतोय मी."

"अहो, मी आत्ता येतोय निर्मळहून. ही बघा, सायकल अजून खांद्यावर आहे."

"नाटकं करू नका," म्हणाला, आणि दाणदाण पाय आपटत खाली गेला.

मला वाटलं, येता-जाताना सायकलीचा आवाज ऐकलाय आणि भांडायला निमित्त शोधतोय. पण पुढच्या सुट्टीला तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीला तेच. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं – 'तिसऱ्या मजल्यावरील सभासद खोटे बोलून इतरांचे आरोग्य धोक्यात आणत आहेत.' मीही सोडलं नाही. 'दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनी आधी स्वतःचे कान तपासावेत,' असं टाकलं. सेक्रेटरीने हात जोडले. जिन्यात समोरासमोर आलो की तो थुंकल्यासारखं तोंड करायचा. एकदा सायकलीची दोन्ही चाकं बसलेली मिळाली. दहा मिनिटांसाठी खाली ठेवली होती, तेवढ्यात. कुणी केलं ते मी पाहिलं नाही, पण सांगायची गरज आहे का?

मग तो रविवार आला. मी निर्मळला तळ्याला वळसा घालत होतो. फोन वाजला. प्राची. बायकोचा आवाज नेहमीचा नव्हता.

"तू कुठे आहेस?"

"निर्मळला. का?"

"आता चालवतोयस की थांबलायस?"

"फोन घेतला म्हणजे थांबलोय. काय झालं?"

"मी गवाणकर काकांच्या घरात आहे." मागून त्या माणसाचं बडबडणं ऐकू येत होतं. "ते वर भांडायला आले. मी म्हटलं, या, घर बघून घ्या. बेडरूम बघितली, बाथरूम बघितलं. सायकल नाही म्हटल्यावर मला म्हणाले खाली येऊन ऐका. आणि... ऐकू येतंय रे. म्हणजे येत होतं. तू फोन उचललास आणि बंद झालं."

मी हसलो. खरंच हसलो. "त्याने तुलाही वेड लावलं."

"हसू नको. फोन चालू ठेव आणि जरा चालव."

मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला, स्पीकर लावला, आणि पायडल मारलं. कर्र... टक्. कर्र... टक्.

"आलं," प्राची म्हणाली. "थांब."

थांबलो.

"बंद झालं. चालव."

चालवली.

"आलं... बास. बास कर, घरी ये." तिचा आवाज रडवेला झाला होता. मागून गवाणकर ओरडत होता, "बघा! सांगत होतो ना! आता कोण खोटं बोलतंय?"

सोबत सायकल असून मी अर्धा रस्ता ती हातात धरून चालत आलो.

फोनमधून आवाज तिकडे गेला असेल, हा पहिला विचार माझ्याही मनात आला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्या हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. माझा आणि प्राचीचा, दोन्ही फोन बंद ठेवले. प्राचीला सायकल देऊन मागच्या रस्त्याने बाजाराकडे पाठवलं. वर आमचं घर कुलूपबंद. गवाणकर हाताची घडी घालून सोफ्यावर बसला होता, मला पाणीसुद्धा विचारलं नाही. थोडा वेळ काहीच नाही. मी म्हणणार होतो, 'बघा, काही नाही.' तेवढ्यात सुरू झालं. डोक्यावर. स्लॅबच्या त्या बाजूला, अगदी माझ्या हॉलमध्ये माझीच सायकल कुणीतरी चालवावी तसं. मी त्याच्या स्टुलावर चढलो, स्लॅबला तळवा लावला. आवाज असला की कंप असतो. लिफ्टच्या रूममध्ये वीस वर्षं हेच केलंय. तळव्याला काहीही लागलं नाही. थंड चुना. आणि आवाज मात्र कानाशी.

खरं सांगतो, त्या क्षणी गवाणकरचा हात धरावासा वाटला. तो म्हणाला, "स्टुलाला माती लागली तुमच्या पायाची. पुसून जा."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तो आवाज शोधायचा प्रयत्न केला. मिळून म्हणजे कसं, तर दात-ओठ खात. माझ्या डोक्यात होतं, सायकलीतली किरकिर गेली की त्याच्याकडचीही जाईल. त्याने फोन नंबर दिला, तोही उपकार केल्यासारखा. मी रॉबीच्या दुकानासमोर सायकल चालवायची आणि तो घरात बसून सांगणार.

"सीट बदललीय. आता?"

"आहे."

"पायडल दुसरे लावलेत. आता?"

"आहे. बहिरा नाही मी."

"मागचं चाक दुसरं लावलंय."

"आहे, आहे, आहे! तुम्हाला काही येतं की नाही? लिफ्ट दुरुस्त करता म्हणे! लोक जिवंत उतरतात का तुमच्या लिफ्टमधून?"

मी फोन कापला. रॉबीला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं मी सासऱ्याशी बोलतोय.

संध्याकाळी गवाणकर वर आला. आत न येताच म्हणाला, "सायकल भंगारात द्या."

"नाही देणार."

"माझी झोप गेलीय, सावंत. जेवण जात नाही."

"सायकल माझी आहे."

"आवाज माझ्या घरात आहे."

तो बरोबर बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच्या त्या सुराने माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्राची मागून म्हणाली, "अरे देऊन टाक ना, दुसरी घे." मी ऐकलं नाही. उलट, सुट्टीच्या दिवशी जायचो ते आता कामावर जायच्या आधीही जायला लागलो. ऐक म्हटलं, हवं तेवढं ऐक.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळची वेळ, चांगलं ऊन आलं होतं. मी उड्डाणपूल चढत होतो. चढावर हँडल दोन्ही हातांनी ओढून जोर लावावा लागतो, तसा लावत होतो, आणि सायकल नेहमीपेक्षा जास्त कण्हत होती. पुलाच्या माथ्यावर पोचलो. पुढे पश्चिमेचा उतार. एरवी मी तो उतार एकही पायडल न मारता, वारा खात उतरतो. बाजूने बस, टेम्पो, रिक्षा, सगळे सुसाट असतात. उताराला लागणार एवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर गवाणकर.

एरवी चालत्या सायकलीवर मी फोन घेत नाही. पण म्हटलं, आज याला सोडायचा नाही, मनसोक्त शिव्या घालायच्या. म्हणून कठड्याला लागून थांबलो, खाली उतरलो.

"बोला!"

पलीकडून तो हसत होता. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"तुटली! तुटली एकदाची! केवढ्याने कडाडली, बाप रे. सगळं कोसळल्याचा आवाज आला. मग एकदम शांत. सुटलो!" मग थांबला. "तुम्ही फोन कसा उचललात?"

"काही तुटलेलं नाही," मी म्हणालो. "धडधाकट सायकल आहे. उभी आहे माझ्यासमोर. आता तर रात्रंदिवस चालवणार—"

आणि बोलता बोलता सायकल कठड्याकडे वळवायला मी एका हाताने हँडल ओढलं. हँडल हातात आलं.

कडाड् वगैरे काही नाही. सुकलेली फांदी मोडावी तसं. हँडल माझ्या हातात, ब्रेकच्या वायरींना लोंबकळत, आणि सायकल आडवी पुलावर पडली. बाजूने एक टेम्पो तिच्या चाकाला घासून गेला. ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. मी तसाच उभा. फोनमधून "हॅलो? हॅलो?" चाललं होतं.

उतारावर असतो तर... हे वाक्य मी अजून पूर्ण केलेलं नाही. प्राचीसमोर तर नाहीच.

रॉबीने नंतर सायकल उघडून दाखवली. पुढच्या चिमट्याचा जो दांडा फ्रेमच्या नळीत जातो, त्याला आत तडा गेला होता. तडा जुना होता, कडा गंजून काळ्या पडलेल्या. पायडल मारताना आपण हँडल ओढतो, म्हणून आवाज पायडलाच्या तालावर यायचा, आणि आम्ही सगळे खालीच शोधत बसलो. रॉबी माझ्यावरच चिडला. "वर बघायला तुम्ही सांगितलं नाय मला," म्हणाला. ठीक आहे. किरकिरीचं कारण सापडलं. तेवढं सापडलं.

त्याच दुपारी मी खाली गेलो. किती झालं तरी त्याच्या फोनमुळे मी थांबलो होतो. प्राचीने डब्यात शिरा दिला होता. गवाणकरने दार उघडलं, साखळी न काढता.

"काका, तुमचा फोन आला नसता तर मी आज नसतो. आभार मानायला आलोय."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही पडलात."

"म्हणून फोन केलात?"

"फोन रस्त्यावरचा कुणीतरी उचलेल, नाहीतर पोलीस उचलतील असं वाटलं. खात्री करायची होती." त्याने डब्याकडे पाहिलं, घेतला नाही. "आधी देवापुढे साखर ठेवली, मग फोन लावला. आता कळलं? जा वर."

आणि दार लावलं.

शिरा मी वर परत आणला. प्राचीने तो तसाच ठेवून दिला.

नवीन सायकल घेतली आहे. ती आवाज करत नाही, आणि वर येऊन कुणी भांडतही नाही. आता हे जिथे लिहितोय त्या ग्रुपवर काही इंजिनिअर मंडळी आहेत, ती म्हणतील की जुन्या बिल्डिंगमध्ये पाइपातून आवाज फिरतो, भास होतो वगैरे. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण निर्मळ ते तुळिंज कुठला पाइप जातो? आणि बाकी सगळं सोडा, जी सायकल माझ्यासमोर धड उभी होती, ती मोडल्याचा आवाज त्याला आधीच कसा आला? गवाणकरकडे याचं उत्तर असलंच, तर तो मला सांगणार नाही.