ती पुढे, मी मागे

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गव्हाला पाणी भरायला गेलो. त्या आठवड्यात पंपाची लाईट सकाळची होती. ती पुढे, मी मागे, नेहमीसारखं. शेताच्या तोंडाशी बांध सुरू होतो तिथे ती थांबली आणि कधी नाही ते म्हणाली, "आज तुम्ही म्होरे व्हा. मन्हा पाय उचलत नही."

मी ऐकलं, पण ऐकू आलं नाही असं दाखवलं. ब्याऐंशी वय, कान गेलेत हे गावाला माहीत आहे, त्याचा फायदा घेतला. फावडं उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर केलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वळली, बांधाच्या ओल्या मातीवर तीनदा टाच आपटली आणि म्हणाली, "या फौजी. साफ शे."

आम्ही वाफे भरले. तिने गाईचं दूध काढलं, गाय आणि वासरू परत शेतातल्या छपरात बांधलं. येताना पाण्याच्या दांडाच्या कडेने आलो, तेव्हाही ती पुढेच. अकराच्या सुमारास ओट्यावर मेथी निवडता निवडता ती भिंतीला टेकली. मला वाटलं डुलकी लागली. जुडी हातातच होती.

टाच आपटायची भानगड काय ते सांगतो.

एकोणीस वर्षांचा असताना मी पलटणीबरोबर गोव्यात गेलो. पोर्तुगिजांना हाकलायचं होतं. लोक म्हणतात ती लढाई लगेच संपली. संपली असेल. त्यांनी जाता जाता रस्त्यात आणि कडेच्या बांधांत सुरुंग पुरून ठेवले होते. हवालदाराने सांगितलं, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाका, इकडे तिकडे नाही. भाताच्या खाचरांमधून रांग चालली होती आणि पुढे व्हायची पाळी माझी आली. मी म्हणालो, बुटाची नाडी सुटली. सुटली नव्हती. मागचा साताऱ्याकडचा गडी हसला. "बस, बांध नाडी, खानदेशी," म्हणाला आणि माझ्या पुढे झाला. वीस पावलं गेला असेल. मी वाकलेला होतो म्हणून माझ्या अंगावर नुसती माती आली. लाल माती. कोमट होती.

नाडीचं मी पलटणीत कोणाला सांगितलं नाही.

सात वर्षं भरून घरी आलो. बापाची साक्रीच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी साडेतीन एकर जमीन होती, ती करायला लागलो. आमच्या जमिनीत सुरुंग नाही हे मला कळतं. मी चौथी शिकलेला आहे, खुळा नाही. पण बांधावर पाय टाकायची वेळ आली की घोट्यापासून वर थंड पडायला लागतं आणि मी जागीच उभा राहतो. नांगरताना अडचण नव्हती. बैल पुढे असायचे. जे व्हायचं ते आधी बैलांना होईल, असं मनात असायचं. लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी तसा बांधाशी उभा राहिलो तेव्हा तिने विचारलं, "काय व्हयनं?" मी सगळं सांगितलं, नाडीसकट. ती पुढे झाली, टाच आपटली, दहा पावलं चालून गेली आणि वळून म्हणाली, "या. साफ शे." तेव्हापासून मरेपर्यंत तेच.

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागे चालते. गाव हसायचं. माझी थोरली भावजय तर भरल्या पंगतीत म्हणायची, "बायकोले म्होरे घालस, सोता मांगे चालस. कसाना फौजी हाऊ!"

ही वाढता वाढता उत्तर द्यायची, "अक्का, फौजीनी बायको शे मी. मन्ही ड्युटी शे ती."

बाया हसायच्या, मी ताटात बघायचो. नाडीचं तिने कोणाला सांगितलं नाही. ती माहेरी गेली की मला ताप यायचा आणि मी शेतात जायचो नाही. तो ताप कसला हे तिला माहीत होतं, म्हणून ती चार दिवसांच्या वर राहायची नाही.

आणि खरं सांगायचं तर दर वेळी तिची टाच आपटली की मी डोळे मिटायचो. मला पक्कं वाटायचं की आज होणार. वाटायचं तरी तिलाच पुढे जाऊ द्यायचो. इतकी वर्षं. सापाला, सुरुंगाला, कशालाही आधी ती.

पोरगा जळगावहून दुपारीच आला. दिवस मावळायच्या आत त्याने अग्नी दिला. तिरडीमागून चालताना माझ्या ध्यानात आलं की आताही तीच पुढे आहे आणि मी मागून बरोबर पाऊल टाकत चाललोय. पाय अजिबात कापले नाहीत. त्याचीच मला त्या दिवसात सगळ्यात जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर भावजयीने ती गेली त्या जागेवर बाजरीचं पीठ चाळून पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला माणूस गेलं, असं आमच्यात धरतात. मी भिंतीशी बसून टोपलीकडे बघत राहिलो. ती कोणत्या जन्माला गेली याचं मला काही नव्हतं. तिथेही कोणी तिला पुढे घातलं असेल का, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी लोक टोपलीभोवती जमायला लागले आणि मला गाय आठवली. काल सकाळपासून छपरात बांधलेली. ना पाणी, ना चारा, ना धार काढलेली. दिवसभर कोणालाच आठवण झाली नव्हती, मलाही नाही.

पोरगा उठला. "मी जाऊन येतो, आबा."

"बस खाले," भावजय त्याच्यावर ओरडली. अग्नी दिलेल्याने एकट्याने बाहेर जायचं नसतं. मग ती स्वतः काठी घेऊन माझ्यासमोर आली. माझ्याच वयाची बाई, कमरेत वाकलेली. "चला भाऊ. मी म्होरे व्हस."

ती हसत नव्हती.

"नको वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही टोपली उचला."

बांधाशी आलो. कालची ओली माती वाळून घट्ट झाली होती. मी तिची पावलं शोधायला लागलो. एकही नव्हतं. तिच्या प्रत्येक पावलावर माझं पाऊल दाबलेलं होतं, मोठं, रुंद. फक्त तोंडाशी तिच्या टाचेचे तीन खड्डे तसेच होते.

छपरातून गाय हंबरली. घोट्यापासून थंड पडायला लागलं. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही, ऊन डोंगरावरून खाली गव्हात उतरलं तेवढा वेळ. कालच्या पावलांवर पाय ठेवत गेलो असतो तर सोपं होतं. ती म्हणाली होती, आज तुम्ही म्होरे व्हा. मी चपला काढल्या आणि डाव्या अंगाला, जिथे कोणाचाच पाय पडला नव्हता तिथे पाय टाकला. डोळे उघडे ठेवले. मग दुसरा टाकला.

छपराशी पोचलो तेव्हा धोतर ओलं झालं होतं. दवाने नव्हे.

गाय सोडून हौदावर पाणी पाजलं. वासराला सगळं दूध पिऊ दिलं. दोघांना घराकडे घेऊन परत निघताना बांधावर गाय माझ्या पुढे जाऊ बघत होती. मी दावं आखडलं आणि तिला मागे घेतलं.