धुरकऱ्याच्या गोळ्या

सासऱ्याला तोंडावर मामाजी म्हणायचं आणि पाठ फिरली की बुढा, हा लग्नापासूनचा माझा नेम. आता त्याला तोंडही उरलं नाही आणि पाठही, तेव्हा मी बुढाच म्हणणार. मसणात म्हणे लोकांनी भाषणं ठोकली. डोमाजीसारखा धुरकरी समुद्रपूर तालुक्यात पुन्हा होणे नाही, वगैरे. मेडिकलवाला हेमराजही दोन शब्द बोलला. आमच्याकडे बाया मसणात जात नाहीत, हे त्याचं नशीब. मी तिथे असते तर त्याचे ते दोन शब्द त्याच्याच घशात कोंबले असते.

धुरकरी म्हणजे शंकरपटात बैलांचा छकडा पळवणारा गडी. बैल मालकाचे, बक्षीस मालकाचं, हातपाय मोडले तर ते तेवढे धुरकऱ्याचे. बुढा जवानीत हे करायचा आणि उरलेला सगळा जन्म त्याने तेच सांगण्यात घालवला. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी गिरडकडचा पट यायचा. बाजूच्या दाणीत, म्हणजे पळायच्या पट्टीत, नामी जोडी, ती पुढे, आपली मागे, आणि मग ह्याने अशी काही आरोळी दिली म्हणे, की ह्याच्या जोडीतला लखन नावाचा बैल जमिनीला पाय न लावता निघाला. लोकांनी ह्याला खांद्यावर घेतलं. फेटा कुठे पडला ते कळलंच नाही. फेटा पडला इथे गोष्ट संपायची आणि पाहुण्याचा चहा गार झालेला असायचा. माझ्या पोरांना ती तोंडपाठ होती. मला तर तिची शिसारी आली होती.

आणि स्वभाव? लग्न होऊन आले त्या आठवड्यात वरणात मीठ कमी म्हणून ह्याने माझ्यासमोर ताट अंगणात भिरकावलं. माझी सासू जिजाबाई अंगणात उतरली, भात वेचला, ताट घासून ठेवलं. ती वारल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझ्या नवऱ्याचा, धीरजचा, ह्यात काडीचा उपयोग नव्हता. बाप ओरडला की तो वावराकडे निघायचा.

मग बुढ्याला लघवीचा आजार झाला. तपासण्या होईपर्यंत तो कॅन्सर निघाला आणि कमरेच्या हाडात शिरला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आता बरं होणं नाही, दुखणं तेवढं कमी ठेवू. त्यासाठी पांढऱ्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. ह्या गोळ्यांवर सरकारचा पहारा. पोरं नशेला खातात म्हणून जुन्या चिठ्ठीवर मिळत नाहीत, पंधरवड्याला नवी चिठ्ठी आणायची आणि रिकामी पाकिटं परत दाखवायची. आमच्या भागात त्या ठेवतो एकटा समुद्रपूरचा हेमराज. त्याच्या दुकानात एका बाजूला माणसांची औषधं, दुसऱ्या बाजूला गुराढोरांची. गल्ल्यावर तोच.

गोळी पोटात गेली की बुढा माणसात यायचा. भिंतीला टेकून बसायचा, गिरडचा पट काढायचा. गोळी उतरली की शिव्या. तुझ्या बापाने काय शिकवलं, तुझ्या हाताला चव नाही, तू आलीस तेव्हापासून ह्या घराचं वाटोळं. त्याने खाट पडवीच्या टोकाला, गोठ्याला लागून टाकायला लावली होती. हवा लागते म्हणे. हवा कसली, शेणामुताचा वास. पण ह्याच्याशी वाद कोण घालणार?

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की गोळी देऊनही संध्याकाळी ह्याचा आरडाओरडा थांबत नाही. मी गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा गडू ठेवायची आणि चुलीकडे वळायची. समोर उभी राहिले की खेकसायचा, “काऊन पाहून राह्यली? गिळतो ना!” रात्रभर मात्र कण्हायचा. मला वाटलं, दुखणं वाढलं. पंधरवडा सरायच्या आधी मी एक-दोन गोळ्या जास्तीच्या दिल्या. अशाने गोळ्या लवकर संपत आल्या, दोन-तीनच उरल्या. रिकामी पाकिटं घेऊन हेमराजकडे गेले.

दुकानात गर्दी होती. हेमराजने चिठ्ठीवरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाई, अजून तारीख आली नाई. गोळ्या खाऊन कोण राह्यलं? बुढा, का तुमच्या घरचं दुसरं कोणी?”

“दुसरं कोण खाईन? त्यायचं दुखणं वाढलं.”

“सगळे हेच सांगते. तुमचा भाऊ अनुप घेते ना थोडीफार?”

माझा भाऊ दारू पितो, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. म्हणून तो माझ्या सासऱ्याच्या गोळ्या खातो? मागच्या दोघी खुसखुसल्या. मी पाकिटं उचलली आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर रडू आलं, ते रागाचं होतं.

घरी आले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. धीरज एरवी बापापुढे मांजर, माझ्यापुढे मात्र वाघ झाला. “अनुपले देल्या का गोळ्या? खरं सांगजो रूपाली.” बुढा पडवीत खाटेवर होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. मी वाट पाहिली, आता तरी म्हणेल, माझ्या सुनेवर आळ घेऊ नका. तो छताकडे बघत पडून राहिला.

मग मी ठरवलं, चोर पकडायचाच. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन गोळ्यांतली एक सकाळी दिली. संध्याकाळची त्याच्या हातावर ठेवली, गडू ठेवला, चुलीकडे गेले आणि मागच्या दाराने गोठ्यात येऊन कडब्यामागे उभी राहिले. बुढ्याने उशीखालून गुळाचा खडा काढला. गोळी त्यात दाबली. चुक् चुक् केलं. आमचा म्हातारा बैल पाखऱ्या दावणीवरून मान लांब करून खाटेपर्यंत आला आणि त्याने बुढ्याच्या तळहातावरून गूळ चाटून नेला.

मी इतकी जोरात ओरडले की बैल दचकून मागे सरला. “मामाजी! मायी इज्जत बाजारात गेली अन् तुम्ही ढोराले गोळ्या चारून राह्यले!”

“हळू बोल. धीरज ऐकन.”

“ऐकू द्या! काल तो मले चोर म्हणत होता तवा तुमची वाचा बसली होती?”

“पाखऱ्याचा पाय दुखते,” तो म्हणाला. “धीरज म्हणे, लंगडला तं पोळा झाला का काढून टाकतो. लंगडला नाई पाहिजे.”

“अन् मी?”

“तू माणूस हायेस. तुले तोंड हाये. तू भांडशीन.”

एवढ्या वर्षांत मी तोंडाची आहे हे त्याने चांगल्या अर्थाने पहिल्यांदाच म्हटलं असेल, तेही स्वतःच्या सोयीने. बैलाच्या एवढ्या मोठ्या धुडात ती इवलीशी गोळी म्हणजे दर्यामें खसखस. बैल लंगडतच होता, धीरजला ते कधीचंच दिसलेलं होतं. म्हणजे बैलाला गुण नाही, ह्याला गोळी नाही, आणि चोर मी. जन्मभर बैल हाकणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होता, चांगल्या घरचा दिसत होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं. गोळ्या बैलाने खाल्ल्या म्हटल्यावर तो आधी हसला. मग त्याने शेजारच्या नर्सला ऐकवलं. तीही हसली.

“बाई, इथे लोक रोज काहीतरी सांगतात. गोळ्या उंदराने नेल्या, पाण्यात पडल्या. बैल मात्र पहिल्यांदाच.” मग त्याचा चेहरा बदलला. “ह्या गोळ्या बाहेर गेल्या तर उत्तर मला द्यावं लागतं. पेशंटला घेऊन या. बघितल्याशिवाय मी आता लिहिणार नाही.”

“साहेब, त्यायले कूस बदलता येत नाई. जीपमध्ये घातलं तं रस्त्यातच मरन.”

“मग नियम मी तोडू का?”

नियम! खोटं बोलले असते, गटारात पडल्या म्हणाले असते, तर कदाचित लिहून दिलं असतं. खरं बोलले म्हणून हात हलवत परत आले. उतरले ती तडक हेमराजच्या दुकानात. निदान चार दिवसांच्या तरी दे म्हणून हात जोडले. त्याने मान हलवली, वर पाहिलंसुद्धा नाही. मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी दोन पावलं सरकून ढोरांच्या बाजूला उभी राहिले.

“बैल लंगडून राह्यला. दुखण्याचं काही द्या.”

हेमराज लगेच उठला. मोठ्या गोळ्यांचं पाकीट काढलं, वर चोळायचं मलम ठेवलं. “गुळात देजा. चार दिवस कामाले लावू नका.”

“चिठ्ठी?”

“बैलाची कायची चिठ्ठी?”

“त्याले दुखते हे तुम्हाले पटलं? पाह्यलं तरी का त्याले?”

“लंगडते म्हणता ना?”

“अन् घरी माणूस बोंबलून राह्यला, ते?”

हेमराजने पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “माणसं खोटं बोलते, बाई,” तो म्हणाला.

बैलाचं औषध बैलाला लागू पडलं. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत पाखऱ्या पाय टेकून चालायला लागला. धीरजने त्याला विकायची भाषा सोडली. इकडे बुढा मात्र खाटेच्या कडेच्या लाकडाला दातांनी धरायचा. धीरजने दोनदा जीप आणली. उचलायला गेले की हा असा किंचाळायचा की जीपवालाच म्हणायचा, राहू द्या. शिव्यासुद्धा बंद झाल्या होत्या. मला त्या शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या मानेला गरम पाण्याने शेकायचं, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. धीरजने पाखऱ्याचे खांदे मळले. वाटीत थोडं तूप-हळद उरलं. मी ती वाटी घेऊन पडवीत आले, बुढ्याचा सदरा वर केला आणि त्याच्या पाठीला, खांद्याला हलक्या हाताने लावू लागले. काय करणार? दुसरं घरात काही नव्हतं.

“मी का बैल हावो?” तो पुटपुटला.

“बैल असते तं औषध भेटलं असतं.”

मग त्याने गिरडचा पट काढला. मी म्हटलं, झालं, मरतानाही हेच. पण ह्या वेळी फेटा पडल्यावर गोष्ट थांबली नाही.

“लखनचा पाय सकाळीच सुजला होता,” तो म्हणाला. “मले मालूम होतं. मालकाले सांगतलं असतं तं जोडी पळाली नसती. मायं नाव झालं नसतं. म्या आरोळी गिरोळी नाई देल्ली. तुतारी मारली. त्या काठीचा खिळा पुरा आत गेला, तवा तो पळाला. पट जितला, अन् मंग तो बसला तो उठलाच नाई. मालकानं कसायाले देल्ला. लोकायनं मले खांद्यावर घेतलं होतं. तितून मले दिसत होता तो. मायाकडेच पाहे.” मग म्हणाला, “आता समजून राह्यलं मले, त्याले कसं झालं असन. मले तरी ओरडता येते.”

मला त्याची दया आली, हे मी लपवत नाही. आणि रागही तितकाच आला. बैलाचं कर्ज फेडायला निघाला, ते माझ्या अब्रूवर. जिजाबाईने आयुष्यभर भात वेचला, तिचा हिशोब कुठे गेला? हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण हाताखाली त्याची पाठ थरथरत होती. मी तूप चोळत राहिले आणि वाटी रिकामी झाल्यावर त्याच्या कानाशी म्हटलं, “मामाजी, आज आवतण घ्या. उद्या जेवाले या.”

“तुया वरणात मीठ नसते,” तो म्हणाला.

पोळ्याच्या सकाळी तो गेला. पहाटेपर्यंत ओरडत होता, अख्ख्या मोहल्ल्याने ऐकलं. घरात सुतक, म्हणून पाखऱ्याला तोरणाखाली नेता आलं नाही. पुरणही शिजलं नाही. तेराव्याला हेमराज घरी आला, फोटोला हार घातला, चहा प्याला आणि डोमाजीकाकांनी फार सोसलं म्हणाला. मी कप त्याच्या हातातून घेतला आणि विचारलं, “आता पटलं?” तो उठून गेला. धीरज मला म्हणाला, पाहुण्याशी असं बोलू नये.

पाखऱ्या आहे अजून. थंडीत त्याचा पाय धरतो, मग मी समुद्रपूरला जाते आणि हेमराजच्या दुकानात ढोरांच्या बाजूला उभी राहते. तो मान खाली घालून पाकीट काढून देतो. चिठ्ठी त्याने अजून एकदाही मागितलेली नाही.