एकाच माणसाच्या दोन नळ्या

माझं मूळ काम कणभौतिकीचं. परदेशातल्या प्रयोगशाळेत कण एकमेकांवर आपटले की आकड्यांचा जो ढीग पडतो, त्यातून खरी खूण निवडायची, आणि सापडली की आधी तिच्यावरच संशय घ्यायचा. बारामतीला परतल्यावर हेच काम मी रक्ताच्या एका आजारासाठी करू लागले. इंदापूरच्या एका डॉक्टर बाईंना गावोगाव अशी मुलं भेटत होती, ज्यांचा अशक्तपणा लोहाच्या गोळ्यांनी हटत नव्हता. हा दोष आईबापांकडून येतो का, ते पुण्यातली माझी जनुकशास्त्रज्ञ मैत्रीण शोधत होती. डॉक्टर बाईंची माणसं घरोघर जाऊन थुंकीच्या नळ्या आणायची, मैत्रीण त्या तपासायची आणि आकडे मी चाळायचे.

एके दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. आई आणि मुलगी म्हणून आलेल्या दोन नळ्या हुबेहूब एक निघतायत."

आई-मुलीचं निम्मं जुळतं. सगळंच्या सगळं कसं जुळेल?

मी प्रोग्रॅम पिंजून काढला. मग तिच्या प्रयोगशाळेवर शंका घेतली. तिनं चिडून दोन्ही नळ्या पुन्हा तपासल्या. उत्तर तेच. मग आमच्या मनात आलं, नळ्या आणणाऱ्या माणसांनी घरी न जाताच त्या भरल्या असतील. विचारल्यावर डॉक्टर बाई दुखावल्या. "नंबर सांगा," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनीच फोन केला. "कऱ्हाटी गाव. तुमच्या आत्याचं घर."

आत्याच्या सासरचे लोक एकेकाळी मेंढरं घेऊन हिंडायचे. आता शेती करतात. मी गेले तेव्हा ती अंगणात कांदा निवडत होती. चहा झाला, आणि मी विषय काढला.

"मशीन चुकलं असंल," ती मान वर न करता म्हणाली.

"मशीन आधी तपासलं, आत्या."

तिनं हातातला कांदा खाली ठेवला. "व्हय, मीच थुकले दोन्हीत. पोरीचं जमत आलंय. रक्तात खोट हाय असं कुणी नुसतं बोललं, तरी ती मानसं माघारी फिरतील."

"पण नावं आम्ही कुणाला सांगत नाही. नळीवर फक्त नंबर असतो."

"नंबर?" आता तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "मग तू माझ्या दारात कशी आलीस?"

 

आतेबहीण दारात उभी राहून ऐकत होती. बारामतीत नोकरी करणारी, चांगली शिकलेली मुलगी. "आई, नळी माझ्या नावची. मला इचारायचं तरी," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तपासायचं तर आमी दोघं तपासू, मी आन् तो. निकाल आमालाच कळंल. तुला बी न्हाय, हिला बी न्हाय."

परत आल्यावर आम्ही त्या दोन्ही नळ्या बाद केल्या. आत्याचा प्रश्न मी बाकी दोघींना जसाच्या तसा सांगितला. त्यानंतर कुठला नंबर कुणाचा, हे आम्हा तिघींपैकी कुणालाच कळणार नाही अशी व्यवस्था केली. काम त्यानं रेंगाळलं, आणि मैत्रीण कुरकुरलीही.

आतेबहीण आणि तिचा होणारा नवरा सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून आले. काय निघालं ते त्यांनाच ठाऊक. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे इंदापुरात झालं.

जेवणाच्या पंगतीत आत्या जिलेबी वाढत माझ्यापाशी आली. वाकून हळूच म्हणाली, "खरं सांग, तुला ठावं हाय ना?"

"नाही गं आत्या. शपथ."

"तू शास्त्रज्ञ बाई, तुला कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकून विहिणीकडं गेली. विहिणीशी हसून बोलताना आत्याचं अर्धं लक्ष माझ्याकडंच होतं.