शिडी धरली आणि करंट सोडला

मंडळी, राग अजून उतरलेला नाही.

आज दुपारी वायरमन रफिक आमच्या दोन घरांची तुटलेली तार जोडायला खांबावर चढला. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतून, लाइन बंद होती. शेजारच्या भाऊंनी शिडी धरली, मग घरात जाऊन जनरेटर लावला. त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खोचलेली! ती वीज उलटी खांबावर गेली. रफिक कमरेच्या पट्ट्याला लटकला, तळहात भाजला.

जनरेटर बंद करून त्याला खाली उतरवलं, तेव्हा भाऊ मला म्हणाले, "मले काय मालूम ताई, माह्या घरचा करंट बाहीर जाईन?"

"चेंजओव्हर स्विच लावा म्हनून मीच सांगतलं होतं ना भाऊ," रफिक कण्हत म्हणाला.

घरची वीज बाहेर जाऊ न देणारा तो साधा स्विच!

तुमचा जनरेटर कसा जोडलाय? स्विच नसेल, तर वायरमनची शिडी धरू नका. आधी ती वायर उपटा.