बुडवून दुरुस्त केलेली नाव

सकाळी नाव पाण्यात सोडली. दुपारपर्यंत आत थेंबही आला नाही. मी मनातून खूश होतो. मग तळातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि माझ्या पायाशी पाणी उसळलं.

ही नाव एका इंग्रज अधिकाऱ्याची. सत्तेचाळीस साली तो गेला आणि ती अंबाझरी तलावाच्या काठावर शेडमध्ये बरीच वर्षं पालथी पडून राहिली. पुढे आमच्या कॉलेजला मिळाली. मी तेव्हा इंटरला होतो. सुट्टीत दुरुस्तीचं काम घेतलं, गणपत मिस्त्रींच्या हाताखाली. कॉलेजच्या सेक्रेटरीसाहेबांनी बजावलं होतं, या सुट्टीत तरंगली तर ठीक, नाहीतर फोडून बाकं करू.

त्या इंग्रजाच्या काळात मिस्त्रींनी वीस वर्षं ती नाव घासली, रंगवली, पाण्यात ढकलली. तिच्यात बसले मात्र कधीच नाहीत. नोकरांनी बसायची रीतच नव्हती. एकदा जुनं व्हार्निश काचेनं खरवडताना म्हणाले, "एकदा बसाचं हाय गा. मंग खुशाल बाकं करा."

खरवडून झाल्यावर लाकडाला जवसाचं तेल पाजलं. फळ्या सुकून आक्रसल्या होत्या, मधे फटी पडल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, त्यात नुसतं सैल सूत भर. मग त्यांना ताप आला. चार दिवस मी एकटाच होतो.

मी कोष्ट्याचा मुलगा. तुटलेला धागा दिसला की आमच्या घरात हात आपोआप तिकडे जातो. विरळ राहिलेलं लुगडं व्यापारी परत करतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. मला त्या फटी बघवेनात. सूत काढून मी राळ आणि भुसा कढवून घट्ट ठासला, वरून व्हार्निश मारलं. मिस्त्री आल्यावर हे त्यांना सांगितलं नाही. काम चांगलंच झालंय, असं वाटत होतं.

त्या दुपारी नाव काठावर ओढल्यावर फुटलेली फळी त्यांनी बोटानं चाचपली.

"काहून भरल्या फटी?"

"पाणी शिरलं असतं, काका."

"शिरू द्याचं होतं. लाकूड पाणी पेते, फुगते, आपली फट आपणच बुजवते. तू त्याले फुगाले जागाच नाई ठेवली."

रागावले नाहीत. त्यामुळे मला जास्त लागलं.

सगळी राळ मी कोरून काढली. त्यांनी सागाची नवी फळी बसवली. मग दोघांनी नाव उथळ पाण्यात नेली आणि आत दगड भरून चक्क बुडवली. सेक्रेटरीसाहेब काठावर येऊन म्हणाले, "तुम्हाला दुरुस्त करायला दिली होती." मिस्त्री म्हणाले, "तेच करून राहिलो, साहेब."

चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. नाव तरंगली. मिस्त्रींनी चपला काठावर काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत बसले. मी वल्ही मारली. थोडं पाणी झिरपत होतं, ते मिस्त्री डब्यानं बाहेर टाकत होते. तलावाच्या मध्यावर त्यांनी डबा खाली ठेवला आणि काठाकडे बघितलं.

"शेड केवढीशी दिसते गा इथून," एवढंच बोलले.

त्या नावेची बाकं झाली नाहीत. फट दिसली की माझा हात अजून शिवशिवतो. पण आता आधी विचारतो, हे लाकूड किती वर्षं पाण्यावाचून होतं.