दोन तालुक्यांत एकच गाव

माझे बाबा पेणच्या खारेपाटात मंडल अधिकारी होते. खारेपाट म्हणजे समुद्राला चिकटलेली सखल भातशेती. भरतीचं खारं पाणी मातीच्या बांधाने बाहेर अडवायचं आणि आत भात लावायचा. त्या गावांच्या हद्दी, बांध आणि पंचनामे यांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच दोन महिन्यांसाठी सिंगापूरला, आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर राहायला आले आणि चौथ्या दिवशी कंटाळले.

"तुमचा तहसीलदार बसतो कुठे?" त्यांनी मला विचारलं.

असा कोणी इथे नसतो, कामं बहुतेक फोनवरच होतात, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सेंगकांगची हद्द बघायला म्हणून ते एलआरटीत, म्हणजे वस्तीतल्या छोट्या रेल्वेत बसले. ती गाडी गोल फिरते. तीन फेऱ्या मारून घरी आले आणि म्हणाले, या गावाला शीवच नाही.

मी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत काम करते. त्या महिन्यात माझ्याकडे एक किचकट यादी आली होती. समुद्रापलीकडे सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर एक सखल जिल्हा आहे. सगळीकडे नद्या, खाड्या आणि नारळ. रस्ते कमी, बोटी जास्त. तिथलं कोणतं गाव कोणत्या तालुक्यात येतं आणि त्याच्या धक्क्याला कोणत्या भरतीला बोट लागते, हे मला लिहून काढायचं होतं. सगळं नीट जमत होतं, पण एक गाव दोन तालुक्यांत दिसत होतं. कॉम्प्युटर ते घेईना आणि त्या गावचा माल दोनदा भलत्याच धक्क्यावर उतरला होता.

शनिवारी सकाळी मी ती यादी जेवणाच्या टेबलावर पसरली. बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसले. मी त्यांना सांगितलं की तिथे गावाला देसा म्हणतात, तालुक्याच्या प्रमुखाला चामात म्हणतात आणि जिल्ह्याचा जो प्रमुख असतो तो बुपाती. बाबांनी कप खाली ठेवला.

"बुपाती म्हणजे भूपती," ते म्हणाले. "अगं, त्यांचा कलेक्टर भूपती आहे."

त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. चष्मा आला, पट्टी आली, माझ्या मुलीची रंगीत पेनं आली. दुपारपर्यंत त्यांनी हॉलच्या फरशीवर कागद जोडून अख्खा जिल्हा मांडला. तालुके हिरव्या रंगात, नद्या निळ्या, आणि आम्ही स्वयंपाकघरात जायचं तर नदीच्या मुखावरून उडी मारून. माझा नवरा बाजारातून आला तेव्हा बाबांनी त्याला दारातच थांबवलं, कारण तो एका पोलीस ठाण्यावर पाय देणार होता. मी हसत होते, पण खरं सांगायचं तर मलाही नशा चढली होती. इतके दिवस त्या नावांकडे मी नुसते रकाने असल्यासारखी बघत होते. आता ती गावं झाली होती.

दोनदा आलेल्या गावावर बाबांनी बोट ठेवलं. मग त्यांनी त्यांच्या मंडलातली एक जुनी गोष्ट सांगितली. खाडीने वळण बदललं आणि एका गावाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या लोकांना सातबारा काढायला होडीने जावं लागे. शेवटी त्या अर्ध्यांना त्यांच्या काठाच्या तालुक्याला जोडलं, पण गावाचं नाव सोडायला कोणीच तयार होईना. "तसंच असणार," ते म्हणाले. "विचार त्यांना, नदीच्या कुठल्या काठाला?"

सोमवारी मी माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. तो त्याच जिल्ह्यातला. त्याने सरळ तालुक्याच्या कचेरीत फोन लावला आणि फोन चामात बाईंनीच उचलला. त्याने प्रश्न विचारला, पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं, आणि तो माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. बाबांचं तंतोतंत खरं होतं. एक गाव उत्तर काठाला, एक दक्षिणेला, नाव एकच, धक्के दोन. बाईंनी विचारलं होतं, हे ओळखलं कोणी? एका मराठी म्हाताऱ्याने, असं याने सांगून टाकलं.

बाईंची बहीण सिंगापूरला असते. दोन आठवड्यांनी त्या तिच्याकडे आल्या आणि रविवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर भेटलो. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहकारी दुभाष्या म्हणून मध्ये उभा राहिला, पण त्याला फारसं काम उरलं नाही. पाच मिनिटांत दोघंही वाळूत बसले होते.

बाबांनी वाळूचा बांध घातला. बाईंनी त्यात प्लास्टिकच्या चमच्याची झडप बसवली: भरती आली की बंद, ओहोटीला उघडी. आमच्याकडे तिला उघाडी म्हणतात. लाट आली, चमचा मिटला, आतलं शेत कोरडं राहिलं. माझी नऊ वर्षांची मुलगी वाकून बघत होती. ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजोबा, लीक होतंय लाह."

बाबांनी हाताने खूण करून बाईंना विचारलं, तुमच्याकडे बांध फुटतो कशाने? सहकारी तोंड उघडणार एवढ्यात बाईंनी दोन्ही हातांची बोटं वाकवली आणि वाळूवरून तिरकी चालवली. खेकडा. बाबांनी जन्मभर पंचनाम्यात हेच लिहिलं होतं: खेकड्यांनी बांध पोखरला. ते इतके हसले की त्यांना खोकला आला, बाईही हसत सुटल्या, आणि मला डोळे पुसावे लागले. आजूबाजूचे सायकलवाले वळून बघत गेले.

उठताना बाईंनी त्यांना गाव बघायला बोलावलं. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पण पेणला परत जायच्या आधी बाबा खरंच निघाले, माझ्या सहकाऱ्याबरोबर, तो सुट्टीवर घरी चालला होता म्हणून. सकाळी हार्बरफ्रंटहून फेरीबोटीने आधी जवळच्या बेटावर, तिथून दुसऱ्या बोटीने पुढे. मी त्यांना औषधं आणि टोपी दिली आणि वर ऑफिसात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता.

"बाईंच्या कचेरीत बसलोय," ते म्हणाले. "भरती आलीय. जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर येतंय आणि सगळे पाय वर घेऊन काम करतायत. मीही घेतलेत."