आईच्या बॅगेवरचा हिरवा टॅग

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी कराडला इलेक्ट्रिकल शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. अंधारात दिवा आपोआप लागला तर मी हात जोडत नाही, टेस्टर शोधतो. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तेव्हा अख्खी गल्ली तिच्या दारात आणि मी घरात मिक्सर उघडून बसलेला. हे दैवी अनुभवांचं सदर मी वाचतो तेसुद्धा बायकोला चिडवायला. आणि आज मीच इथे लिहायला बसलोय... ती मागे उभी राहून हसतेय. हसू दे.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघं क्रूझला गेलो. मी, बायको सुजाता आणि माझी आई. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत मुंबई, चार रात्री. आमच्या लेकीनं, प्राजक्तानं, पहिल्या बोनसमधून वर्षभर आधी बुकिंग केलं होतं. नंतर तिचंच लग्न ठरलं, तेही आम्ही परत आल्यावर तीन आठवड्यांनी! पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून गेलो. सुजाता डेकवर समुद्राकडे तोंड करून केटररशी फोनवर भांडत होती. रेंज गेली की मग समुद्र बघायची.

आई मात्र खूश. त्र्याहत्तर वर्षांची आहे, पण लिफ्टमध्ये सगळी बटणं दाबून प्रत्येक मजला बघून आली. "लय मोठी हाय रं बोट. आपलं अख्खं गाव बसंल," हे तिनं किमान वीस जणांना सांगितलं, त्यातले निम्मे मराठी नव्हते.

आता मुद्द्याचं. शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये एक कागद आणि तीन काळे टॅग आले. सामानाला टॅग बांधायचे, झोपण्यापूर्वी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, रात्री त्यांची माणसं घेऊन जाणार. सकाळी आपल्या रंगाचा पुकारा झाला की उतरायचं. काळ्यांचा नंबर पहिला, सकाळी आठला. मी खूश, म्हटलं दुपारच्या जेवणाला पुणं गाठू.

आई एसटीला तासभर आधी जाऊन बसणारी बाई. आम्ही दोघं वर चहा घेत होतो तेवढ्यात, संध्याकाळी सहालाच, तिनं सगळं भरून बॅगा बाहेर काढल्या. आम्ही सातला खाली आलो तर तिन्ही बॅगांवर हिरवे टॅग, चौथा आईच्या पर्सला. काळे कचऱ्याच्या डब्यात.

"आई, हे हिरवे कुठनं आले?"

"एका बाईनं दिले."

"कोण बाई?"

"आपल्याकडचीच व्हती. हिरवं इरकली लुगडं नेसलेली. मी बॅगा वढत व्हते, तर म्हणली, शाले, वाटेला लागताना काळं कशाला बांधतीस? हे बांध."

मी टॅग उलटून पाहिला. आमचाच केबिन नंबर, मशीनवर छापलेला. म्हटलं दिला असेल कंपनीच्याच कुणीतरी, केबिन तर आमचीच, मग नंबरही पहिलाच. पण 'शाले' मला खटकलं. आईचं नाव शालन. तिला शालनताई म्हणतात, काकू म्हणतात, आजी म्हणतात. 'शाले' म्हणणारी माणसं जगात दोनच. एक तिची आई, म्हणजे माझी आजी, ती जाऊन चाळीस वर्षं झाली. दुसरी तिची थोरली बहीण, आक्कामावशी, सांगलीला दिलेली. आणि आक्कामावशी आईशी सव्वीस वर्षं बोललेली नव्हती.

का बोलत नव्हती, तेही सांगतो. त्यात मी आहे.

माझ्या लग्नाच्या वेळी आईनं मला सांगितलं होतं, "विजू, आक्काला तू जातीनं जाऊन अक्षत दे. ती थोरली हाय." कागदाच्या पुडीत अक्षता बांधून हातात दिल्या. आमच्याकडे सख्ख्या माणसाला घरी जाऊन अक्षत देतात, हे मला काय माहीत नव्हतं होय? पण पेपर तपासायचे होते, नवी नोकरी होती... मी पत्रिका कुरिअरनं पाठवली. अक्षता स्कूटरच्या डिकीत राहिल्या. मावशी लग्नाला आली नाही. सख्ख्या बहिणीनं परक्यासारखं कुरिअर धाडलं म्हणून तिनं बोलणंच सोडलं. माझे वडील गेले तेव्हा आली, ओसरीवर तासभर बसली, आणि आईशी एक शब्द न बोलता सांगलीला परत गेली.

आईनं मला एकदाही बोल लावला नाही. तेच जास्त टोचायचं. आता प्राजक्ताच्या लग्नाच्या सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. मावशीचं नाव काढलं की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी सांगलीला जातो म्हणालो तर म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं जातूस?" आईला बहीण हवी होती आणि ते ती कुणालाही कळू देत नव्हती, एवढी साधी गोष्ट होती.

असो. जेवून आलो तोवर बॅगा गेलेल्या. आणि सकाळी लक्षात आलं की आईनं माझ्या झाडून सगळ्या पँटी भरल्यात. उरली होती ती कालपासून अंगावर असलेली, बोटीवर फोटोसाठी घेतलेली पपई-पोपटांची अर्धी चड्डी. वर पांढरा फुल शर्ट, खाली काळे ऑफिसचे बूट. सुजाता हसून हसून पलंगावर आडवी झाली.

"शोभतंय की," आई म्हणाली. "पाय तर चांगलं हायती तुझं."

साडेसातला सहाव्या डेकच्या थिएटरात जाऊन बसलो. सगळी बोट तिथं गोळा. चार दिवस एकमेकांकडे न बघणारी माणसं आता डबे उघडून खाकरे, चिवडा वाटत होती, नंबर घेत होती. एक काका माझ्या चड्डीबरोबर सेल्फी काढून गेले. 'ब्लॅक' पुकारलं आणि आम्ही ऐटीत उठलो. दारावरच्या माणसानं आईच्या पर्सचा टॅग मशीनला लावला आणि हात आडवा केला. "सर, आपका लगेज ग्रीन में है. ग्रीन सबसे लास्ट. पाचवें डेक पे पीछे वेट कीजिए."

मी आईवर चिडलो. खरंच चिडलो, लोकांसमोर. "कुणीही काही दिलं की बांधायचं? आता बसा बारापर्यंत! ड्रायव्हर खाली थांबलाय!" आई माझ्यापुढे तरातरा जिना उतरत होती. रस्ता तिला कसा माहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पाचव्या डेकला मागच्या बाजूला काचेची मोठी खोली आहे. बाहेर मुंबई बंदराच्या क्रेन दिसत होत्या, ऊन आत आलं होतं. हिरवा रंग व्हीलचेअरवाल्यांचा होता, ते तिथं गेल्यावर कळलं. ओळीनं खुर्च्या लावलेल्या. तिसऱ्या खुर्चीत, मांडीवर पिशवी धरून, आक्कामावशी. मागे तिची सून उभी.

आई जागीच थांबली. मावशीनं मान वर केली. या दोघींना मी ओळखतो. तोंड फिरवलं असतं तर सव्वीसाची तीस वर्षं झाली असती, आणि तेवढी वर्षं दोघींकडेही नव्हती.

मग मावशी म्हणाली, "शाले... जाड झालीस गं."

"तू कुठं बारीक हाईस?" आई म्हणाली.

मला राहवलं नाही. मी त्या पोपटांच्या चड्डीत मावशीच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसलो आणि तिचे पाय धरले. "मावशी, आईनं अक्षता दिल्या होत्या. मला जा म्हणाली होती. मी गेलो नाही, मी कुरिअर केलं. आईची काही चूक नव्हती. शिव्या मला द्या."

मावशी आईकडे वळली. "मग बोलली का न्हाईस येवढी वरसं?"

"लेकाचं नाव कसं सांगू? आन तू तरी एकदा इचारायचंस."

"मी थोरली. मी कशाला इचारू?"

"तेच की! मग मी धाकटी, मी कशाला सांगू?"

असं म्हणून दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. सुजाता रडत होती, मावशीची सून रडत होती. शेजारच्या खुर्चीतल्या पारशी आजोबांनी रुमाल काढून आधी माझ्याकडे दिला. मीही... जाऊ दे.

मग आईनं पर्समधून स्टीलची डबी काढली. तिची अन्नपूर्णा, लग्नात माहेरहून मिळालेली, तांदळावर बसवलेली. मुक्काम असला की आई तिला बरोबर नेते. त्यातले चिमूटभर तांदूळ तिनं तळहातावर घेतले, देवीच्या कुंकवाची पुडी सोडली, माझ्या बाटलीतल्या थेंबभर पाण्यात कालवलं. आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून प्राजक्ताच्या लग्नाची पत्रिका काढली. वर नाव घालायची जागा कोरी होती. समुद्रावर ही पत्रिका कशाला आणलीस, असं मी विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरात ठेवली आसती तर तू पोस्टात टाकली आसतीस."

मावशीनं पदर पसरला आणि अक्षत घेतली. सुनेला म्हणाली, "बघितलंस? आशी देत्यात."

आता ऐका. मावशी चार दिवस याच बोटीवर होती. गुडघ्यांमुळे केबिनबाहेर पडली नव्हती, जेवण आतच. तिचा टॅग निळा होता आणि तिला चालत उतरायचं होतं. "पण काल सांजच्याला एक बाई दारात आली," मावशी म्हणाली. "म्हणली, पायाचे हाल कशाला करतीस? खुर्ची माग आन सगळ्यांच्या शेवटी उतर. म्हणून हिला रात्री काउंटरवर धाडली." सून म्हणाली, हो, सासूबाई मला तसं म्हणाल्या, पण मी केबिनमध्येच होते, मला कुणी दिसलं नाही.

"कशी होती बाई?" मी विचारलं.

दोघी एकदम सांगायला लागल्या. हिरवं इरकली. अनवाणी. आणि बोलताना... दोघींनी एकाच वेळी उजवा हात कमरेवर ठेवला आणि मान जराशी डावीकडे कलती केली. तशाच थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. मग आईनं हात खाली घेतला आणि पदरानं चष्मा पुसायला लागली. आजी अशीच उभी राहायची, एवढं मलाही आठवतं.

मी मात्र सरळ काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटर बघितला. तुमची केबिन ब्लॅक आहे, म्हणाली. मग हा? मी आईच्या पर्सचा हिरवा टॅग पुढे केला. तिनं तो मशीनला लावला, टुक वाजलं, चालला. छपाई आमचीच आहे सर, पण हा दिलेला दिसत नाही. आणि हिरवे टॅग व्हीलचेअरची यादी झाल्यावर छापतात, काल रात्री दहानंतर छापले. मी म्हटलं, आमच्या बॅगांना संध्याकाळी सातला होते. सुजातानं पाहिलेत, मी पाहिलेत. ती मुलगी हसली, माझ्या चड्डीकडे बघितलं आणि "सॉरी सर" म्हणाली.

'ग्रीन' पुकारलं तरी या दोघी उठेनात. कुणाचं काय झालं, कोण गेलं, कुणाला नातू झाला... सव्वीस वर्षांचं साचलेलं. बोटीवरची माणसं "मॅम, प्लीज" करून दमली. शेवटी आईनं व्हीलचेअर स्वतः ढकलत बाहेर काढली. ढकलणारा माणूस नुसता मागून चालत होता. अख्ख्या बोटीतून सगळ्यात शेवटी उतरलो ते आम्ही, आणि मला घाई नव्हती. कराडला पोचेपर्यंत रात्र झाली. मावशी आमच्याच गाडीत होती. सून एकटी सांगलीला गेली!

प्राजक्ताच्या हळदीला मावशीनं खुर्चीत बसून हुकूम सोडले. रुखवतात करंज्या कमी आहेत म्हणून सुजाताला झापलं. लग्नात आई आणि ती एकाच ताटात जेवल्या. वरमाय बिचारी बघतच राहिली.

कंपनीला मी तीन मेल केले. उत्तर तेच, तुमच्या केबिनला हिरवा टॅग दिलेला नाही. त्या फेरीला नऊवारी नेसणारी कुणी कामाला नव्हती, हेही त्यांनी कळवलं. चौथा मेल टाइप करत होतो तेव्हा आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली. काय लिहितोस, म्हणाली. सांगितलं.

"नगं लिहूस," ती म्हणाली. "शोधलंस आन दुसरीच कुणी निघाली, तर आमी दोघींनी काय करायचं?"

मी मेल पुसून टाकला. कसं झालं ते मला अजून माहीत नाही.